बजावणी

एकतीस वर्षं मी नोटिसा बजावल्या कोविलपट्टीत.
सायकलच्या कॅरिअरला खाकी दप्तर,
दप्तरात लोकांची नावं.
कडी तीनदा वाजवायची, थांबायचं,
मग बापाच्या नावासकट हाक.
वाचता येत नसेल त्याला उंबऱ्यावर उभं राहून वाचून दाखवायचं,
आकडा दोनदा.
कुलूप असेल तर खळीनं दाराला चिकटवायची,
शेजारचे दोघे साक्षीला.
शिव्या खाल्ल्या, ताक प्यालो,
एकदा कुत्र्यानं पोटरी धरली
तेही अहवालात लिहिलं.

आता कागद आपला आपणच जातो म्हणे.
साहेब बटण दाबतात
आणि पडद्यावर उमटतं: बजावली.
बजावली, पण वाजलं काय?

इसक्कीअम्माळची अशीच बजावली.
रेल्वे फाटकापाशी शेंगदाण्याची चिक्की करते ती.
नोटीस पोर्टलवर, ‘इतर’ नावाच्या खणात पडून.
ईमेल हिशेब लिहिणाऱ्या पोराला,
तो केव्हाच शारजाला गेलेला.
तिला कळलं ते गुळाच्या अडत्याकडून:
अम्मा, चेक परत आला.
खातं गोठलेलं
आणि कढईत पाक दोन तारांवर आलेला.
पाक थांबत नाही कुणासाठी.
तिनं आधी शेंगदाणे ओतले, मग रडली.

मदुरैच्या कोर्टात जजसाहेबांनी एवढंच विचारलं,
दार कुणी वाजवलं?
सरकारी वकिलानं छापील पान पुढे केलं,
तारीख, वेळ, सेकंदसुद्धा.
दार, ते पुन्हा म्हणाले.

वसुली रद्द. नोटीस नव्यानं, हातोहात.
कपाटामागचं दप्तर मी झटकून घेतलं.
एक पट्टा उंदरांनी नेला होता.

इसक्कीअम्माळ, शण्मुगवेलची मुलगी!
किती वर्षांनी घसा असा मोकळा झाला.
आकडा दोनदा वाचला:
एक लाख बेचाळीस हजार सहाशे.
आकडा खोटा नव्हता. तीही तसं म्हणाली नाही.
म्हणाली, मागच्या दिवाळीत होते की पैसे.
मग बराच वेळ नुसतं फाटक वाजत राहिलं,
मालगाडी होती, लांबलचक.

सही केली तिनं पोचपावतीवर,
अंगठ्याचा गूळही लागला सहीशेजारी.

दुसऱ्या दिवशी फाइलीला मुंग्या.
साहेब ओरडले, झटका ती आधी!
मी खिडकीत नेऊन ठेवली.
एकेक जण रांगेनं येत होती,
बरोब्बर पत्त्यावर.