दर सातवं घर

मार्केट यार्डात वडील पोत्यात परखी खुपसायचे,
चार हळकुंडं बाहेर,
त्यातलं एक कट्कन मोडून आतला रंग बघायचे.
मग पोत्याच्या भोकावर बोट घासायचे,
तागाचे धागे पुन्हा जवळ यायचे
आणि पोतं होतं तसं.

तेच काम मी विद्यापीठाच्या भाषेत करते.
विषय : पुरानंतरची झोप.
नमुना : एकशेवीस माणसं.

पहिली चाळीस आयती मिळाली. माझ्याच कॉलेजातली पोरं,
इंटर्नल मार्कांसाठी रांगेत.
नंतर कळलं, निम्मी जतची, आटपाडीची,
पाणी त्यांनी टँकरमधूनच आलेलं पाहिलेलं.
गाईड म्हणाले, फाडून टाक.

मग घरपट्टीची यादी. डब्यातून चिठ्ठी उचलली : तीन.
तिसरं घर, दहावं, सतरावं.
यादृच्छिक म्हणताना जीभ अडखळते,
अर्थ मात्र सरळ आहे :
इथं तुझ्या मनाचं काही चालायचं नाही.

सतराव्याला कुलूप.
चोविसाव्यात भूपाल मगदूम. झोप झकास लागते म्हणाले,
आणि बोलता बोलता दोनदा उठून
नदीकडची खिडकी बघून आले.
मी पाचापैकी पाचवर गोल केला.
एकतिसावं घर यादीत होतं, गल्लीत नव्हतं.
नुसता चौथरा, त्यावर कुणाचे तरी सांडगे वाळत.
जे गेले गाव सोडून, त्यांच्यापर्यंत
सातचा पाढा पोचत नाही.

बत्तिसाव्या दारात शमशाद मुल्ला.
"एवढ्या उन्हातनं आलीस, मला न्हाई व्हय इचारायचं?"
मावशी, तुमचा नंबर नाही आला.
"पाण्यानं कुठं नंबर लावलावता, बाई."

चहा घेतला. पेन पर्समध्येच.
ती सांगत होती : रात्री तीनला जाग येते,
कॉटवरून हात खाली सोडते,
फरशी कोरडी लागली की मग डोळा लागतो.
"माझ्यागत एक सांगलवाडीत हाय, आक्काताई.
तिला गाठ, ती फुडचीकडं नेईल."

या पद्धतीलाही पुस्तकात नाव आहे, बर्फाच्या गोळ्याचं.
घरंगळत जातो, मोठा होत जातो म्हणे.
आम्हाला माहीत तो काडीवरचा, हातगाडीवरचा,
लाल रंग मनगटापर्यंत ओघळेस्तोवर
संपून जाणारा.

उठताना वाटलं, भोकावर बोट घासावं.
कुठं घासायचं कळेना.

घरी वडिलांनी विचारलं, माल कसा आहे?
म्हटलं, अजून सत्तर घरं राहिलीत.

मग एका रात्री मलाच जाग आली,
घड्याळ बघितलं नाही.
आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, यार्डाच्या बाजूला,
तिथं पाणी कधी आलेलं नाही.
हात खाली सोडला.

संशोधकाला नमुन्यात धरत नाहीत.