ग्रीन गेट

सहारहून निघालो तेव्हा डिकीत तीन बॅगा,
चौथी माझ्या मांडीवर,
चाक तुटलेली, सुतळीने आवळलेली.
नागपूरला काट्यावर दीड किलो जास्त भरलं
म्हणून लोणच्याची बरणी वहिनीकडे परत गेली,
तरी बॅगेला अजून मोहरीचा वास.

फ्रीवेवर दस्तगीरभाईंनी विचारलं,
बोट कितीची?
चारची.
घड्याळात पावणेतीन.
ते बोलले नाहीत, गिअर बदलला.
मिठागरं गेली. तेलाच्या टाक्या.

गेटवर हमालाने बॅग एका हातात उचलली:
इथे वजन नाही करत, ताई.
मला उगाच बरणी आठवली.

पैसे मोजताना दस्तगीरभाई म्हणाले,
एकोणीस वर्षं इथवर येतो,
आतून कसं असतं हो जहाज?

मलाही ठाऊक नव्हतं.
भिंतीवरून नुसतं धुराडं दिसत होतं.
दोघांनी पाहून घेतलं.