टॅबचा क्रम

मार्केट यार्डातला भुसार गाळा. दांगटबाईंचा फोन:
"काहीच दाबलं जात नाही, नुसतं टुणटुण करतंय."
गेलो. मोठ्या विंडोच्या पाठीमागे
एक छोटा डायलॉग तोंड लपवून बसलेला.
म्हणणं एवढंच: प्रिंटरमध्ये कागद नाही.
त्याला मालक द्यायचा राहिला होता.
विसरलो मीच, दोन हजार सहा साली.

एका ओळीचं काम.
म्हटलं, आलोच आहे तर
टॅबचा क्रमही लावून टाकू.
वजनावरून उडी जायची थेट 'रद्द'वर,
तिथून हमाली, तोलाई, ओके.
'रद्द' उचलून शेवटी ठेवलं.
शेंगदाण्याच्या पोत्याला टेकून चहा घेतला,
बिबवेवाडीचा चढ शीळ घालत चढलो.

सकाळी सव्वादहाला पुन्हा फोन.
"काल काय करून ठेवलंत हो?
तीन पट्ट्या केल्या, तिन्ही गायब.
मी स्क्रीनकडे कुठे बघते?
माझं लक्ष काट्यावर.
वजनानंतर दोनदा टॅब, मग एकदा,
मग एकदा, मग एन्टर.
एकोणीस वर्षं."

मनात मोजून पाहिलं.
तिचा एन्टर आता बरोब्बर 'रद्द'वर पडत होता.

'रद्द' परत मधे नेऊन ठेवलं,
जिथे ते कधीच असायला नको होतं,
आणि कोडमध्ये एक ओळ लिहिली,
कंपायलर वाचत नाही तसली:
हा क्रम चुकीचा आहे.
दांगटबाई आहेत तोवर
हात लावू नये.