रुजू दिनांक

तेवीस तारखेला सकाळी अकरा वीसला
मुंजाजी धापसेचा डावा हात रोलरमध्ये गेला.
दुपारी चार दहाला मी त्याला कामावर घेतलं.

असंच झालं. फॉर्म मीच भरला.
मालक टेबलापाशी उभे होते, शर्टाचं बटण पिळत,
म्हणाले, "ताई, आधी नाव टाका, मग बाकीचं."
रुजू दिनांक : आजचा.
पडद्यावर हिरवी पट्टी आली, दहा आकडी नंबर आला.
मुंजाजी तेव्हा खासगी दवाखान्याच्या बाकावर
हात पोत्यात गुंडाळून बसला होता,
आणि कंपाउंडर विचारत होता, अनामत कोण भरणार?

कायदा काही अवघड नाही.
माणूस गेटातून आत आला की दहा दिवसांत त्याचं नाव घाल.
शेकड्याला सव्वातीन रुपये तुझे,
पाऊण रुपया त्याच्या पगारातला.
आमच्या भट्टीपुढं दर अमावास्येला एकवीस नारळ फुटतात.
तेवढ्यात एका माणसाचा महिना भागून
वर सगळ्या शिफ्टचा चहा झाला असता.
हा हिशेब मी मांडला होता एकदा, पेन्सिलीनं,
आणि खोडला.

सहा वर्षं तो सळया ओढत होता.
मंठ्याकडचा, बोलणं कमी.
पावसाळ्यात माझ्या टेबलावर रानातली करटुली ठेवून जायचा, कागदात,
कोणी दिली ते न सांगता.
पक्क्या मस्टरवर तो नव्हता.
तिथं अकरा माणसं होती, भट्टीपुढं त्रेसष्ट.
बाकीचे बावन्न लाल कापडाच्या कच्च्या वहीत,
उचल, तारीख, अंगठा.

चौथ्या दिवशी त्याची बायको आली, द्वारका.
ऑफिसात चप्पल घालून यावं की नाही
हे तिला ठरवता येईना, म्हणून एक पाय दारातच.
मी सांगितलं, मालकांनी पढवलं तसं :
पहिलाच दिवस होता, मशीनची सवय नव्हती.
ती रडली नाही. माझ्याकडं नीट बघितलं.
"पहिलाच दिवस?
मंग सहा वर्षं मी डबा कोणाचा भरला, बाई?"

खाली यार्डात क्रेन सुरू झाली.
तिला वाटलं, मला ऐकू गेलं नाही.
तिनं परत विचारलं नाही.

त्या रात्री कच्ची वही घरी आणली,
पिशवीत, मेथीच्या जुडीखाली.
पोरं झोपल्यावर उघडली.
डाव्या हाताचाच अंगठा लावतात पुरुषमाणसं.
बहात्तर महिने तो एकच अंगठा,
आधी निळा, मग जांभळा, शाई वाळली तेव्हा नुसता डाग.
तिसऱ्या वर्षीच्या पोळ्यापासून त्यावर आडवी रेघ दिसते,
काहीतरी कापलं असणार.
तेव्हाही कोणी लिहून ठेवलं नाही.
आता तो अंगठा नुसता इथंच उरलाय.
माझ्या ओट्यावर, साखरेच्या डब्याशेजारी.

मग सहज, म्हणजे सहज नाहीच,
शेवटची पानं उलटली.
तिथं माझंही नाव निघालं.
दर महिन्याची रक्कम, पुढं माझी सही, वळणदार,
नऊ वर्षं.
मी कामून समजत होते की मी पक्क्या वहीत आहे?
खुर्ची होती म्हणून? पंखा होता म्हणून?

निरीक्षक साहेब मंगळवारी येणार आहेत.
मालकांनी नाश्ता सांगून ठेवलाय,
आणि मला सांगितलंय, विचारतील तेवढंच बोला.

वही अजून ओट्यावर आहे.
मेथीची एक काडी तिच्यात राहिलीय, वाळलेली,
नेमकी तेवीस तारखेच्या पानात.
ती मी काढलेली नाही.
साहेबांनी वही उघडली
तर तेच पान उघडेल.