बजावणी

ठराव क्रमांक सतरा.
सूचक झुंबरबाई मालचे, अनुमोदक हिलाल आबा,
ज्यांनी चाळीस वर्षं फडाचे पाट सोडले, बांधले,
आणि आता बांधायला पाणीच नाही म्हणून
सभेला सगळ्यांच्या आधी येऊन बसतात.

बुराई नदी ही यापुढे वस्तू नसून व्यक्ती समजावी.
तिला वाहण्याचा हक्क. गाळ आणण्याचा.
स्वतःच्या वाळूवर निजण्याचा.
हात वर झाले, एकशे बारा.
वाळूवाल्या तिघांचेही झाले,
त्यांना वाटलं, फुकटाचंच तर आहे.

इतिवृत्त लिहिताना अहिरराव भाऊसाहेबांचं पेन अडलं.
"वय काय टाकू?"
सज्ञान लिहा, कुणीतरी म्हणालं.
"आणि नाव? हिंदीत बरं दिसत नाही."
हिलाल आबा म्हणाले, हिंदीला कोणी विचारलं?

पुढच्या महिन्याची सभा लागली.
विषय तिसरा: पात्रातली वाळू.
आता ज्याचा विषय त्याला नोटीस, हा गावाचा दंडक,
आणि नोटिसा वाटतो मी, शिपाई.
उंबरथडीत तीनशे एकोणीस घरं,
सगळ्यांचे कुत्रे मला ओळखतात.
भाऊसाहेबांनी तीनशे विसावा कागद हातात दिला.
हसले नाहीत, म्हणून मीही हसलो नाही.

दुपारचे दोन. चैत्र संपत आलेला.
पात्रात उतरलो चपला हातात घेऊन,
चार पावलांत पुन्हा पायात घातल्या.
नदी घरी नव्हती.
ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या होत्या, पुरुषभर खड्डे,
एका खड्ड्यात गोणपाट, गुटख्याच्या पुड्या,
दांडा मोडलेलं फावडं.
फडाच्या जुन्या बंधाऱ्यावर शेळ्या उभ्या,
वारसदारासारख्या.

इसम मिळून न आल्यास
पंचांसमक्ष राहत्या घराच्या
दर्शनी दारावर कागद चिकटवावा.
उगमाकडे बघितलं. तापीकडे बघितलं.
एवढं लांब घर,
आणि दार कुठंच नाही.

शेळ्यांमागून झुंबरबाई आली.
"काय दखी राह्यना रे?"
सांगितलं.
"ती वर नही. खाले शे. हात घाल."

झिरा उकरणं मला येत होतं,
लहानपणी मायसोबत वाटीवाटीनं हंडे भरलेत.
नळ आले आणि हात विसरले.
कोपरापर्यंत गरम, मग कोमट, मग
आतून कुणी मनगट धरावं तसं गार.
"आते थांब," ती म्हणाली, "तिनी वाट दखनी पडस."
बसलो. तिची विडी संपली.
एक शेळी येऊन हुंगून गेली.
तळाची वाळू आधी काळी पडली
मग तिच्यात बोटाएवढं आभाळ आलं.

मी कागद वाचून दाखवला, मोठ्यानं,
विषय, वार, वेळ, हजर राहावे ही विनंती.
पोच म्हणून कोपरा टेकवला.
ओल वर चढली, शाई पसरली,
वेळ पुसली गेली, वार राहिला.
पंच म्हणून झुंबरबाईचा अंगठा.
दुसऱ्या पंचाची जागा कोरी.

कचेरीत येईस्तो कागद वाळला होता.
कोपरा फुगलेला, वाळूचे दोन-तीन कण.
"सही?" भाऊसाहेबांनी चष्मा वर केला.
ही काय, म्हटलं.
त्यांनी त्यावरून बोट फिरवलं, बराच वेळ,
आणि रजिस्टरात लिहिलं, बजावली.

रात्री पात्रातून ट्रॅक्टर गेला, दिवे बंद ठेवून.
रोजच जातो.
आज मी उठून बसलो,
शेजारच्या घरात
भांडं पडल्याचा आवाज यावा तसा.

सभा सोमवारी.
सतरंज्या मलाच टाकायच्या आहेत.
तिला किती जागा लागते,
हिलाल आबांना विचारून ठेवलं पाहिजे.