रबराच्या जागी जाळी

तौनोने आज स्नेअरचं रबर उतरवलं.
मधोमध नाही, जरासा डावीकडे
नाण्याएवढा गुळगुळीत डाग.
अंगठ्याने पुसायला गेला,
मग लक्षात आलं, मळ नाही,
झीज आहे. अकरा वर्षांची.

बाहेर तीनलाच अंधार.
ताम्परेच्या डिसेंबरात दुपार म्हणजे
कुणीतरी दार किलकिलं करून
'चुकून आलो' म्हणत परत लावून घ्यावं, तेवढीच.
टेबलावर वर्तमानपत्र, त्यावर सहा स्क्रू,
ड्रमची चावी, फोमची चकती,
आणि कॉफीच्या कपाला टेकलेला
दोन तारांचा पितळी सेन्सर.
"हा कान," तो म्हणाला. "बाकी सगळं कातडंच."

नवी जाळी दुहेरी विणीची.
मी चाचपून पाहिली, मोज्यांच्या कारखान्यात
एकतीस वर्षं काढलेल्या बोटांनी.
वीण बरी आहे, म्हटलं,
कडेला एक टाका सैल आहे.
तो हसला. मी हसले नव्हते.

किंमत मी विचारत नाही.
विचारली तर तो आकडा दोन हप्त्यांत सांगतो:
झांजांचा आधी,
बाकीचा, माझं पोट भरल्यावर.

खाली रुत्कोनेन राहतात.
दोन वर्षांपूर्वी त्यांची चिठ्ठी आली होती,
चार ओळींत तीनदा 'कृपया'.
इकडे याला भांडण म्हणतात.
मग तौनोने टेनिस क्लबातून
उसळी मेलेले चाळीस चेंडू आणले,
दोन प्लायवुडांच्या मध्ये बसवले,
त्यावर अख्खा संच चढवला.
तेव्हापासून आमच्या घरात
एक छोटंसं जहाज आहे.
किकच्या प्रत्येक लाथेला ते किंचित डुलतं,
बंदर सोडत नाही.

त्याच्या हेडफोनमध्ये गडगडाट असतो म्हणे.
मला ऐकू येतं ते एवढंच:
टक, टकटक, टक,
रागावलेला माणूस कांदा चिरतोय.
आज जाळी बसली नि तेही गेलं.
आता पिठावर चमचा आपटल्यासारखं,
फुस, फुसफुस, फुस.
उद्या हेही जाईल, मला वाटलं,
आणि तौनो माझ्यासमोर
नुसता हात हलवत राहील,
पलीकडच्या फलाटावरच्या माणसासारखा.

खोक्याच्या तळाशी एक वायर होती.
एका टोकाला दोन भोकं.
चार युरो, हा आकडा त्याने लगेच सांगितला.
"तुझ्यासाठी," म्हणाला
आणि कान लाल झाले त्याचे.
अकरा वर्षांत सुचलं नव्हतं,
त्यालाही. मलाही.

मी हेडफोन चढवले.
बावन्न चौरस मीटरांचं घर
कुठल्या कुठे लांबलं;
झांज वाजली ती पार मागच्या भिंतीला लागून
सावकाश चालत परत आली.
कसली भिंत, कुणाची, देव जाणे.
तो वाजवत होता डोळे मिटून,
आणि मी थोडा वेळ नुसती
त्याच्या मनगटांकडे पाहत बसले.

मग म्हटलं,
"चौथ्यावरून पहिल्यावर येताना घाई करतोस."
"कधीपासून?"
"रबर होतं तेव्हापासून."

सुई तुटली की मोजा बिघडायच्या आधी
यंत्राचा ठेका बिघडतो.
आम्ही बायका ते चपलांतून ओळखायचो,
गप्पा न थांबवता हात वर करायचो.
त्याला काय वाटलं,
कांदा चिरताना मी कधी मोजलं नसेल?

तो गप्प झाला.
आमच्याकडे गप्प होणं हेही एक उत्तर धरतात,
पण हे लांबलेलं होतं.
मी कॉफी टाकायला उठणार,
तेवढ्यात त्याने स्नेअरची पकड सैल केली,
ड्रम दोन बोटं डावीकडे सरकवला,
काठी टेकवून पाहिली.
आता मधोमध.

काठीवर काठी वाजवून त्याने मोजलं.
एक. दोन. तीन.
चौथ्याला मी श्वास धरला.
खाली रुत्कोनेननीही धरला असेल,
ऐकून ऐकून.