सोडलेला दोर

टेंबलाईच्या मैदानावर तंबूंच्या दोन रांगा,
मध्ये चुन्याची रेघ.
अलीकडे आम्ही, घातक पलटण.
पलीकडे मरून टोप्या.
चहाचं पातेलं एकच, ओगराळी मात्र दोन.

महिनाभर बोललो ते नुसते टोमणे.
आम्ही धावायला निघालो की ते म्हणायचे,
निघाल्या म्हशी गंगावेशीच्या कट्ट्यावर.
आम्ही त्यांच्या छत्र्यांना म्हणायचो,
पाऊस संपला गड्यांनो, मिटा आता.
एका रात्री त्यांची पितळी घंटा पळवली आम्ही.
दुसऱ्या पहाटे आमचे सगळे डावे बूट
आंब्याला लोंबत होते, नाडीला नाडी बांधून,
गाठी अशा की नऊ वाजले सोडवताना.
शिवलिंग कोरे शिव्या घालत सोडवत होता,
मध्येच थांबून म्हणाला,
"पण हवालदार, गाठ बघा. गाठ बघा की."

शेवटची चाचणी करूळच्या अंगाचा कडा.
मग गगनबावड्यापासून टेंबलाईपर्यंत पायी,
पाठीवर पंचवीस किलो.
नियमांच्या कागदावर एकच ओळ ठळक:
आपला दोर आपण वर ओढून घ्यायचा,
मागच्यासाठी काही ठेवायचं नाही.

चिठ्ठीत त्यांचा नंबर पहिला निघाला,
आम्ही चाळीस मिनिटांनी मागून.
कार्तिकातलं धुकं,
आपलाच हात उसना आणल्यासारखा वाटावा एवढं.
मधल्या टप्प्यावर दगड निसटलेला,
ओला मुरूम, बोटाला धर नाही.
तिथं आमचा भोगम थांबला, वीस वर्षांचा,
त्याचा श्वास मला खालून ऐकू येत होता.
पायाखाली अख्खं कोकण, नुसतं काळं.
मी त्याच्या शेजारून सरकलो, वर चाचपलं,
आणि हाताला दोर लागला.

वर पोचल्यावर आधी गाठ चाचपली.
तीच. बुटांची.
शेंडी दोनदा वळवून आत घातलेली.

शाळेत आपण सगळ्यांनी ऐकलेली असते
कापलेल्या दोरांची गोष्ट.
सोडलेल्या दोराची
कुठल्या मास्तरानं सांगितली नव्हती.

दोर ओढला, पाठपिशवीत कोंबला, चालू लागलो.
असळज, कळे, गुऱ्हाळाचा धूर,
बालिंग्याच्या पुलावर उसाच्या गाड्या तुंबलेल्या.
कुणी बोललं नाही.
फुलेवाडी नाक्याला भोगमनं एकदाच विचारलं,
"हवालदार, तो दोर कुणाचा?"
मी म्हणालो, पाय उचल.

मैदानावर सामान मोजलं.
त्यांचा एक दोर कमी.
कुठं गेला?
नायक हरक रौतेला सरळ समोर बघत म्हणाला,
पडला साहेब.
पंधरा मिनिटं दंड.
आम्ही सहा मिनिटांनी जिंकलो.

माझ्या पिशवीत तो दोर, ओला, जड,
तोंडाशी आलेला शब्द.
रौतेलानं एकदाच माझ्याकडं पाहिलं.
त्या डोळ्यांत विनंती नव्हती,
हुकूम होता.
मी हवालदार, तो नायक.
तरी मी तो पाळला.

ढाल आमच्या तंबूत आली. कुणी हात लावेना.
कोरेनं तिच्यावर टॉवेल वाळत टाकला.

रात्री दोर धुतला, पुसला, वेटोळं केलं,
आणि चुन्याची रेघ ओलांडून गेलो.
तो बुटाला पॉलिश करत बसलेला.
काय बोलायचं ते वाटेत ठरवलं होतं,
पोचेपर्यंत सगळं सांडलं.
दोर पुढं धरला.

त्यानं कंदिलाजवळ नेऊन तो वितीवितीनं तपासला.
मग त्याच्या पहाडी हिंदीत म्हणाला,
की तुम्हा लोकांना अजून
दोर गुंडाळता येत नाही.
माझं सगळं वेटोळं उसकटलं
आणि कोपर ते अंगठा, कोपर ते अंगठा,
पहिल्यापासून गुंडाळायला लागला.

मी उभाच.
अर्ध्यावर त्यानं दुसरं टोक माझ्याकडं फेकलं,
नीट ताणून धर म्हणाला,
म्हशी.